रंगकाम फक्त रविवारी होतं, मधले सहा दिवस ब्रश आणि रोलर कसे सांभाळायचे?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मिरजेतल्या आमच्या जुन्या घराला मी आणि माझा मोठा मुलगा मिळून रंग देतोय. मला सोमवार ते शनिवार नोकरी, त्यामुळे काम फक्त रविवारी. सोपा, तीन खोल्या, सात दारं आणि खिडक्यांचे ग्रिल आहेत. भिंतींना इमल्शन, दारांना आणि ग्रिलला ऑइलपेंट.

मागच्या रविवारी मधल्या खोलीला पहिला हात मारला. संध्याकाळी लाईट गेली, म्हणून घाईघाईत सगळे ब्रश आणि रोलर बादलीभर पाण्यात टाकले. आठवण झाली ती थेट बुधवारी. चार इंची ब्रश बादलीच्या तळावर उभा राहून एका बाजूला वाकला होता, अजून सरळ झालेला नाही. पाण्याच्या वर जे केस राहिले ते पत्र्यापाशी, म्हणजे केस धरून ठेवणाऱ्या पट्टीपाशी, कडक झालेत. रोलर वरून मऊ लागतो, पण भिंतीवर फिरवला की पट्टे उठतात. आणि ऑइलपेंटचा दोन इंची ब्रश मी आधीच नळाखाली साबणाने धुतला होता. तो नुसता चिकट झाला आणि वाळल्यावर लाकडासारखा.

हे घर आईने हौसेने बांधलंय, मला त्याचं काम नीट करायचंय. दर रविवारी नवा ब्रश आणणं परवडणार नाही आणि टाकून द्यायलाही जीव होत नाही. दर वेळी पूर्ण धुवायलाच हवेत का? कशाने? आणि कडक झालेल्यांचं काही होईल का?

जुना रंगारी:
ताई, मी पस्तीस वर्षं कोल्हापूर-सांगलीकडे रंगकाम केलं. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हल्ली कोणी ब्रशची चौकशीच करत नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री संध्याकाळी मजुरी देण्याआधी प्रत्येकाचा ब्रश मागून घ्यायचे. टोकाकडे बघायचे नाहीत. अंगठ्याने केस उलटे दाबून पत्र्याच्या आत डोकवायचे. तिथे रंगाची रेघ दिसली की ब्रश परत हौदावर. तेव्हा राग यायचा. पण ब्रश मरतो तो तिथेच. टोक धुतलेलं दिसतं, मुळाशी रंग वाळतो, दर वेळी थोडा थोडा साठत जातो आणि केस फाकतात. मग कितीही सांभाळून मारा, कडेची रेघ सरळ येत नाही.

आधी तुमचे दोन रंग वेगळे करा, कारण ते वाळतात वेगवेगळ्या तऱ्हेने. इमल्शनमधलं पाणी उडून गेलं की त्यातले बारीक कण एकमेकांना धरून बसतात. एकदा धरले की परत पाण्याने सुटत नाहीत. ओलं आहे तोवर मात्र साध्या पाण्याने जातं. ऑइलपेंटमध्ये पाणी नसतंच. तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, म्हणून उघड्या डब्यावर साय धरते. त्याला पाणी-साबण लागू पडत नाही, टर्पेंटाइन लागतं. तुम्ही पाण्याखाली धरलात तिथेच चुकलं.

आता इमल्शनचा ब्रश. आधी डब्याच्या काठावर निपटा, मग जुन्या वर्तमानपत्रावर ओढत राहा, कागदावर रंग उठेनासा होईपर्यंत. निम्मा रंग इथेच जातो आणि मोरीत कमी उतरतो. मग कोमट पाणी, उकळतं नको. भांड्याचा साबण तळहातावर घ्या आणि ब्रश त्यावर दाबून फिरवा, म्हणजे फेस केसांच्या मुळापर्यंत शिरतो. जुनी फणी पत्र्याकडून टोकाकडे ओढा. केस पिळल्यावर निघणारं पाणी निवळ दिसेपर्यंत हे करा. चार इंचीला मला दहा मिनिटं लागतात, अजूनही. झटकून केस बोटांनी सरळ करा, कागदाची घट्ट घडी गुंडाळून सुतळी बांधा आणि आडवा ठेवा, नाहीतर दांड्याच्या भोकातून खिळ्याला टांगा. ओला ब्रश केस वर करून उभा ठेवू नका, पाणी पत्र्यात उतरून गंज धरतो.

रोलरला वेळ जास्त लागतो, मनाची तयारी ठेवा. रंगाच्या ट्रेच्या कडेवर चाकूच्या बोथट बाजूने रोलर खरवडा. नऊ इंची रोलर इतका रंग पितो की पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. तो रंग डब्यात परत टाका. मग रिफिल, म्हणजे रोलरची लोकरीची गुंडाळी, दांड्यावरून काढा, कारण तिच्या पोटातल्या नळीत आणि दोन्ही टोकांना रंग वाळतो. तुमचे पट्टे बहुतेक त्या टोकांमुळेच उठतात. बादलीत पिळून, पाणी बदलून तीन-चारदा धुवा. परत दांड्यावर चढवून रिकाम्या बादलीच्या आत हाताने जोरात गरगर फिरवा, पाणी उडून जातं आणि लोकर फुलते. उभी वाळवा. आडवी ठेवलीत तर एक बाजू चेपते आणि तिथून रंग कमी लागतो.

दर वेळी धुवावं का, तर नाही. जेवायला उठलात किंवा उद्या सकाळी पुन्हा तोच रंग मारायचा असेल, तर धुवू नका. रंगाने भरलेला ब्रश किंवा रोलर प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंडाला रबर लावा आणि सावलीत ठेवा. पाणी उडालं नाही तर रंग वाळत नाही, एवढंच. एक-दोन दिवस हे जमतं. सहा दिवसांवर माझा भरवसा नाही, तुम्ही रविवारी संध्याकाळी धुवाच.

ऑइलपेंटच्या ब्रशला तीन बरण्या ठेवा, झाकणाच्या. पहिल्यात घाण टर्पेंटाइन, दुसऱ्यात मधलं, तिसऱ्यात स्वच्छ. ब्रश निपटून त्याच क्रमाने खळबळवा आणि शेवटी साबणाने धुवा. बरण्या बंद करून ठेवल्या की दोन-तीन दिवसांत रंग तळाशी बसतो, वरचं निवळ अलगद ओतून पुढच्या वेळी वापरायचं. मोरीत ओतू नका. पेट्रोल तर कोणी सांगितलं तरी घरात आणू नका.

तेलाचे बोळे, म्हणजे टर्पेंटाइन किंवा जवसाच्या तेलाने पुसलेल्या चिंध्या, चुरगाळून पिशवीत भरू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेल्या चिंधीत ती कोंडून राहते. एका सुताराकडे आम्ही दारं पॉलिश करत होतो. दुपारी कोपऱ्यातल्या गोणीतून धूर यायला लागला, तिथे ना विडी होती ना वायर. चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून कडक वाळू द्या, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

तुमचा वाकलेला चार इंची पाण्यात भिजवून, फणीने विंचरून, कागदात घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, बराच सरळ होईल. पत्र्यापाशी कडक झालेले केस थिनरमध्ये फक्त केसांपुरते तासभर बुडवा आणि विंचरा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस-शेगडी नको. कडेच्या रेघेला तो आता चालणार नाही, पण प्रायमरला, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराला, चालेल. रोलरची रिफिल टाकून द्या, दांडा तोच राहू दे.

आणि पुढच्या रविवारी सुरुवात करताना कोरडा ब्रश रंगात घालू नका. इमल्शनसाठी पाण्यात, ऑइलपेंटसाठी टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटका. मुळं आधीच ओली असली की रंग तिथे चढून बसत नाही. नंतरही केस निम्म्यापर्यंतच बुडवा.

हर्णैची खाडी:
रंगारीकाकांनी सगळं सांगितलंय, एकच भर घालतो. आमच्याकडे मासेमारीच्या होड्या 1 जून ते 31 जुलै बंद असतात, तेव्हा रंगकाम. पावसाची उघडीप मिळेल तसा ऑइलपेंट मारायचा. सर आली की ताडपत्री ओढायची, परत उघडली की ब्रश. दिवसातून चार वेळा टर्पेंटाइनने धुणं कोणाला शक्य नाही.

आम्ही तेलाचा डबा अर्धा कापतो, त्यात पाणी भरतो. ब्रशच्या दांड्याच्या भोकात तार ओवून ती डब्याच्या तोंडावर आडवी टाकतो. केस पूर्ण बुडतात, तळाला टेकत नाहीत. पाण्यात हवा लागत नाही म्हणून ऑइलपेंट घट्ट होत नाही. दोन दिवस बिनधास्त राहतो, तोच रंग पुन्हा मारायचा असेल तर. मारण्याआधी मात्र फडक्याने पाणी पूर्ण पुसा आणि जुन्या फळीवर दोन-तीन हात ओढून बघा, थेंब राहिला तर चकाकी मरते. पाणी विहिरीचं घ्या. आमच्या काकांनी एकदा खाडीचं भरलं होतं, आठवड्यात ब्रशचा पत्रा तांबडा होऊन केस सुटले.

ताई, इमल्शनला हे करू नका. ते पाण्यात विरघळून ब्रश रिकामा होतो, आणि वर राहिलेल्या भागाचं काय होतं ते तुम्ही बघितलंच.

पेणची आखणी:
मी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. आमचे ब्रश काडीएवढे, भिंतीच्या ब्रशाशी तुलना नाही. पण दारावर बारीक नक्षी करायची असेल तर सांगते: रंग धुऊन झाल्यावर किंचित साबण केसांवरच राहू द्यायचा आणि ओठांनी नाही, बोटांनी टोक वळवायचं. रात्रभर तो साबण टोक धरून ठेवतो. सकाळी पाण्यात बुडवला की मोकळा. हे फक्त पाण्याच्या रंगाला. बारीक ब्रश पूर्ण वाळल्यावर पेल्यात केस वर करून ठेवले तर चालतात. चुन्यासाठी मात्र हे ब्रश वापरू नका, चुना केस खातो.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार करून बघितलं, मगच लिहितेय.

वर्तमानपत्रावर ओढायची गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर! आठ पानं भरली तेव्हा कुठे रंग उठायचा थांबला. मुलाने रोलर बादलीत गरगर फिरवला, सोप्यात पाण्याचे शिंतोडे उडाले, पण रिफिल सकाळी नव्यासारखी फुललेली. काल सुतळी सोडली आणि रंगारीकाकांच्या मिस्त्रींसारखं केस उलटे दाबून बघितले, पत्र्यापाशी रेघ नाही. वाकलेला चार इंची नव्वद टक्के सरळ झालाय, तो प्रायमरसाठी बाजूला काढला.

मधल्या खोलीचा दुसरा हात आज संपला. दारांचा ब्रश हर्णैच्या पद्धतीने डब्यात टांगलाय. रजा काढलीय, उद्या सकाळी स्वयंपाकघराचं दार.