मारबतीच्या मिरवणुकीला कॅमेरा न्यावा की मोबाईलच पुरे?

इतवारीकर
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत (रोगराई, इडापिडा घालवायला काढतात ते मोठे पुतळे) निघते, आणि त्याआधी कोणी ना कोणी किट लेन्सवाला (सोबतच मिळणाऱ्या १८-५५ मिमी लेन्सचा) सेकंडहँड कॅमेरा शोधत असतं. चांगला मोबाईल हाती असेल तर तो खर्च वाया, हे माझं मत. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त; किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ ला जाते. अशा कॅमेऱ्याच्या एपीएस-सी सेन्सरच्या दीडपट क्रॉपने (मोठ्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा तो तितका लहान) ते झालं फुल फ्रेमचं एफ ८.४. मोबाईलचा १/१.३ इंची सेन्सर, क्रॉप साधारण साडेतीन, लेन्स एफ १.८, म्हणजे सहाच्या थोडं वर. उजेड कोणाकडे जास्त आला, सांगा. वर मोबाईल अनेक फ्रेम जोडून नॉईज (फोटोतले दाणे) कमी करतो तो वेगळाच. घेऊन जा गे मारबत, सगळा नॉईज!

गिट्टीखदानवाला
भाऊ, आकडे बरोबर, तुलना सोयीची. तुम्ही मोबाईलची २४ मिमीची रुंद चौकट किट लेन्सच्या ८२ मिमीपुढे (५५ ची दीडपट, अरुंद चौकट) ठेवली. १८ वर तीच लेन्स एफ ३.५, म्हणजे ५.२ च्या आसपास. तिथे कॅमेराच पुढे. आणि मोबाईलने ८२ गाठायला मुख्य फ्रेम कापावी लागते, नाहीतर टेलीवर (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर) जावं लागतं, जिचा सेन्सर बहुतेक मोबाईलांत बराच लहान असतो. ५० मिमी एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स लावली तर २.७ पडतं.
फ्रेम जोडणं स्थिर वस्तूला ठीक. बोळातल्या सावलीत ढोल वाजवणारे हात हलत असतात, तिथे सॉफ्टवेअर न जुळणारे तुकडे टाकून देतं. मग भिंत गुळगुळीत आणि बोटं मेणाची.

इतवारीकर
५० म्हणजे ७५ ची चौकट. नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबती भेटतात, तिथे मागे सरकायला जागा कुठे आहे राजेहो? अख्खी मारबत मावायचीच नाही. त्या धुळीत लेन्स बदलली तर सेन्सरवर कण बसणार, आणि एफ ११ ला आभाळात काळे ठिपके दिसणार. ढगाळ दुपारी मोबाईलला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर सेकंदाच्या १/५०० च्या आसपास शटर मिळतंच.

महालातून
दोघंही रंगावर बोलतच नाही आहात. काळ्या मारबतीचा चेहरा मोबाईलच्या एचडीआरमध्ये (उजेड-सावली दोन्ही दाखवणाऱ्या मोडमध्ये) राखाडी होतो, कारण तो सावल्या उचलतो. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस-एक्सपोजर लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा, काळा काळाच राहील. कॅमेऱ्यातही चौकट काळ्याने भरली की उजेड मोजणारं मीटर फसतं. उणे एक स्टॉप द्या, म्हणजे उजेड निम्मा करा. पिवळीला मात्र आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्याचा वेगवेगळा उजेड-आलेख) बघा. एकूण आलेख ठीक दिसतो, पण लाल चॅनल आधीच उजव्या टोकाला आदळलेला असतो आणि कापडाच्या घड्या सपाट होतात.
पाऊस आला की ओली टचस्क्रीन भलतीकडेच फोकस नेते. व्हॉल्यूमच्या बटणाने फोटो काढा, लेन्स सुती कापडाने पुसत राहा. बोटाचा तेलकट डाग राहिला तर प्रत्येक दिव्याला शेपूट फुटते.

गिट्टीखदानवाला
हे पटलं. तरी कॅमेराच नेणार असाल तर लेन्स बदलूच नका: १८-५५ चढवून निघा, शटर १/५००, ऑटो आयएसओची मर्यादा ६४००, फाईल रॉ (प्रक्रिया न केलेली). आणि पट्टा गळ्यात नाही, आडवा खांद्यावरून.