रिझर्व्ह बँकेचा आरंभीचा इतिहास: काय वाचावे?

वाचनमंडळ_पुणे: पुढील महिन्यात आमच्या मंडळात मला रिझर्व्ह बँकेच्या १९३५ ते १९४९ या खाजगी भागधारकांच्या काळावर तासभर बोलायचे आहे. खर्चाची मर्यादा ५०० रुपये आहे. सुरुवात कोठून करावी?

जुनी_नाणी: बँकेच्या अधिकृत इतिहासाचे पाचही खंड विकत घ्या. माझ्या कपाटात सगळे आहेत आणि ते सलग वाचल्याशिवाय हा विषय उमगत नाही.

सावित्रीकाठ: माझ्या मते चिंतामणराव देशमुखांपासून सुरुवात करावी. आमच्या रायगडातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव १९४३ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढच्याच वर्षी युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वूड्सच्या परिषदेला गेले आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँक सरकारी मालकीची झाली तेव्हाही तेच पदावर होते.

अभ्यासिका: बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथ आधी वाचा. रिझर्व्ह बँक त्यातूनच जन्मली.

दप्तरखाना: हे विधान मला मान्य नाही. बाबासाहेबांनी भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली होती आणि मध्यवर्ती बँकेची शिफारस त्याच आयोगाने १९२६ मध्ये केली. परंतु रुपयाचे मोल स्थिर राहावे म्हणून चलन काढणाऱ्यांच्या मर्जीलाच मर्यादा घालावी, हा त्यांचा मूळ आग्रह होता, आणि त्यांना नुसते बँकेचे जनक म्हटल्याने तोच झाकला जातो.

हिशेबनीस: मीही खंडच सुचवीन. मात्र एका विक्रेत्याकडून मागवलेल्या जुन्या पहिल्या खंडाची परिशिष्टे फाटलेली निघाली आणि पैसेही परत मिळाले नाहीत. १९५१ पर्यंतचा तो खंड बँकेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो.

सावित्रीकाठ: चिंतामणरावांना वगळून हा काळ सांगताच येणार नाही, हे पुन्हा नोंदवतो.

वाचनमंडळ_पुणे: सर्वांचे आभार. मी १९३४ चा मूळ कायदाच आधी वाचणार आहे. जगातील चलनव्यवस्था विस्कळीत असल्यामुळे कायमचा पाया आज ठरवता येत नाही, म्हणून ही तात्पुरती तरतूद करत आहोत, असे त्याच्या मूळ उद्देशिकेतच म्हटले होते (२०१६ मध्ये ती बदलली). महामंदीच्या सावटाखाली ही बँक कशी उभी राहिली, हे मला तेथूनच मांडायचे आहे.

जुनी_नाणी: फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत हीच बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती, ते प्रकरण त्या कायद्यात सापडणार नाही. निदान पहिला खंड तरी घ्या, आणि छापीलच घ्या.