घरातले प्रयोग: माप, सामान आणि कुठे बिघडतं

पाच ते दहा वर्षांच्या मुलांबरोबर घरी करता येणारे प्रयोग आणि हस्तकला, यासाठी हा धागा. सगळ्यांना एकच विनंती: 'छान झालं, मुलं खूश' एवढ्यावर थांबू नका. सामान किती घ्यायचं, पुण्यात कुठे मिळतं आणि फसलं तर का फसलं, तेही लिहा. नोंदीवर आपला पुण्यातला भाग टाका. फसण्याचं कारण सापडलं की पुढच्या वेळी मूल तोच प्रयोग आपल्या मदतीशिवाय जमवतं.

सदाशिव पेठ

सेलवर फिरणारी मोटर. दीड व्होल्टचा जाड सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला रबराचा पट्टा, एक चपटं चुंबक आणि इनॅमल चढवलेली तांब्याची तार, २२ ते २४ गेज, सव्वा मीटर. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा तपकीर गल्लीत तारेची चौकशी करा.

तार सेलभोवतीच दहा वेळा गुंडाळा आणि रिंगण अलगद काढून घ्या. दोन्ही टोकं समोरासमोर चार-पाच सेंटीमीटर बाहेर राहू द्या आणि प्रत्येक टोकाचे दोन वेढे रिंगणालाच आवळा, म्हणजे ते सुटणार नाही. सेलच्या दोन्ही तोंडांना एकेक पिन रबराने घट्ट बसवा, पिनेचं गोल छिद्र वर. चुंबक मध्यभागी सेलवर आपोआप चिकटतं.

सगळा खेळ तार खरवडण्याचा आहे. एक टोक चारी बाजूंनी खरवडायचं. दुसऱ्यासाठी रिंगण उभं धरायचं आणि टोकाची फक्त वरची अर्धी बाजू खरवडायची. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर अर्धा फेरा चुंबक पुढे ढकलतं आणि उरलेला अर्धा फेरा मागे. रिंगण मग पाळण्यासारखं नुसतं डोलत राहतं. एका बाजूचं इनॅमल राखलं की त्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद होते आणि रिंगण आपल्याच वेगाने पुढे निघून जातं.

डोलत नाही आणि फिरतही नाही, असं झालं तर इनॅमल नीट निघालेलं नाही. खाली गुलाबीसर तांबं चमकलं पाहिजे. एकच बाजू सारखी खाली येत असेल तर टोकं रिंगणाच्या बरोबर मध्यरेषेत नाहीत. सुरुवातीला बोटाने हलका धक्का द्यावाच लागतो. रिंगण फिरत नसेल तेव्हा पिनांवर ठेवू नका, सेल तापतो. आणि छोटी, फार ताकदीची चुंबकं व बटण सेल लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. गिळली गेली तर आतड्याला आणि अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

कोथरूड

काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे हवा भरायच्या तोंडावरची बारीक रबरी नळी. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी हे घराघरांत नेलं. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे त्यांनी बरीच वर्षं काम केलं. काड्यांचा गुल आधी मोठ्यांनी खरवडून टाकावा. ट्यूबचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे कापा, दोन्हीकडून काड्या आत सारा, की झाला वाकणारा सांधा. तीन काड्या जोडायच्या तर तुकड्याच्या मधोमध कंपासच्या टोकाने भोक पाडून तिसरी काडी घाला. ट्यूब ताजी हवी, जुनी भोक पाडताना चिरते. चौकोन करून कोपरा दाबायला सांगा, तो कलंडतो. त्रिकोण हलत नाही. मग चौकोनात एक तिरकी पट्टी घालायला लावा. विजेच्या मनोऱ्यांवर तिरक्या पट्ट्या का असतात, हे मुलं स्वतःच विचारू लागतात.

औंध

हळदीचा कागद बहुतेक घरांत फसतो, कारण हळद पाण्यात नीट विरघळत नाही. चमचाभर हळद दोन-तीन चमचे स्पिरिटमध्ये कालवा (गॅसपासून लांब, आणि हे काम मोठ्यांचं), गाळा, टीपकागदावर पसरून सावलीत वाळवा. कपड्यांच्या वडीच्या साबणाने कागद लालभडक होतो, लिंबाने परत पिवळा. भांड्यांच्या काही लिक्विडने रंग बदलतच नाही, कारण ती फारशी अल्कधर्मी नसतात. खायच्या सोड्यानेही जेमतेम नारिंगी होतो. हळद आणि चुन्यातून कुंकू होतं ते याच रंगबदलामुळे. पण चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, तो मुलांपासून लांबच ठेवा.

गोकर्णाची आठ-दहा निळी फुलं कपभर गरम पाण्यात टाका. लिंबू पिळलं की जांभळा-गुलाबी, सोडा टाकला की हिरवट. पाच वर्षांच्या मुलासाठी हे हळदीपेक्षा सोपं.

बिबवेवाडी

कॉर्नफ्लोअर दोन वाट्या, पाणी एक वाटी. दाबलं की घट्ट, सोडलं की वाहतं. बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात पीठ बसतं. ताटात वाळवा आणि कचऱ्यात टाका.

सदाशिव पेठ, पुन्हा

आकाशकंदिलाची खळही इथेच लिहितो. एक भाग मैदा, पाच भाग पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात फेटा, नाहीतर गुठळ्या होतात. मग उरलेलं पाणी घालून शिजवा. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी आहे, मुलं असतील तेव्हा नको. खळ दोन दिवसांत संपवा. कामट्या बुरुड आळीतून आणा आणि कडा काचपेपरने घासून घ्या, कूस लागते. पतंगाच्या कागदाला खळ फार पातळ लावली की तो भिजून फाटतो, म्हणून ती कामटीला लावायची, कागदाला नाही.

वारजे

पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश, म्हणून १३ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या नळकांड्याची सावली नाहीशी होते. एखादा दिवस मागेपुढे झाला तरी चालतं, फरक डोळ्यांना कळत नाही. जुलैअखेरही हा दिवस येतो, पण तेव्हा ढग असतात. अडचण गच्चीची आहे. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार असतो, आणि त्यावर ठेवलेलं नळकांडं सरळ उभं राहत नाही. सावली एका बाजूला उरली तर तारखेला दोष देऊ नका. आधी दोऱ्याला नट बांधून ओळंबा लावा, नळकांड्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून ते सरळ करा. बारा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायला लावा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे प्रत्येक खुणेच्या वेळी सांगा.