'संकेत' एका वाक्यात किती वेळा खपेल? (लष्करी सायफर यंत्रांवरचा अडलेला परिच्छेद)

तळटीप :
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी लष्करी सायफर यंत्रांवरचा, म्हणजे मजकूर गुप्त करणाऱ्या यंत्रांवरचा, एक लेख मराठीत आणतोय. केडब्ल्यू-२६, केजी-८४ वगैरे मंडळी. टेलिप्रिंटरकडून आलेले कमी वेगाचे डिजिटल सिग्नल घ्यायचे, एन्क्रिप्ट करायचे आणि लाइनवर सोडायचे, एवढंच त्यांचं काम. पण परिभाषा कोशाच्या वाटेनं गेलो तर सिग्नल म्हणजे संकेत, कोड म्हणजेही संकेत आणि एन्क्रिप्शन म्हणजे सांकेतिकीकरण. वाक्य झालं ते असं : 'हे सांकेतिकीकरण यंत्र मंदगती अंकीय संकेतांचे सांकेतिकीकरण करून सांकेतिक संकेत संकेतवाहिनीवर प्रेषित करते.' बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, तुझी रेकॉर्ड अडकलीय का? शुक्रवारी लेख द्यायचाय. सुचवा काहीतरी.

कोशवाचक :
'कूट' हा शब्द असताना अडायचं कारणच काय? कूटलेखन, कूटयंत्र, कूटसंदेश. उलट क्रियेला 'उकल'. 'संकेत' फक्त सिग्नलसाठी राखून ठेवा, प्रश्न मिटला.

खडूस_वाचक :
कोशवाचक, कूट म्हटलं की मला खलबत्ता दिसतो.

कोशवाचक :
तो तुमचा दोष. कूटप्रश्न सोडवताना दिसतो का खलबत्ता?

बिनतारी :
मी टेलिप्रिंटरवर नोकरी केली आहे म्हणून बोलतो. 'अंकीय' हा शब्द आधी काढा. त्या लाइनवर अंक कुठे असतो? प्रवाह चालू म्हणजे मार्क, बंद म्हणजे स्पेस, बस्स. एका अक्षराला अशा पाच खुणा, पुढे एक स्टार्ट, मागे दीड मात्रेचा स्टॉप. ५० बॉडला (सेकंदाला ५० मात्रा) एक मात्रा २० मिलिसेकंदांची, म्हणजे साडेसात मात्रांचं अक्षर १५० मिलिसेकंदांत. मिनिटाला ४०० अक्षरं. हा झाला तुमचा 'मंदगती'. रिकामी लाइन मार्कवर धरून ठेवलेली असते. ती तुटली की मशीन कुणी काही पाठवत नसताना नुसतं खडखडत बसतं. आम्ही त्या आवाजावरूनच शेजारच्या खोलीतून ओळखायचो. याला 'द्विमान संकेत' म्हणा, अर्थ चोख बसतो.

मोजपट्टी :
बिनतारी काका, द्विमान म्हणजे बायनरी. डिजिटल म्हणजे बायनरीच असं नाही. १९४३ साली अमेरिकेनं सिगसॅली नावाचं यंत्र चालू केलं, बोलणं गुप्त करण्यासाठी. वजन पन्नासेक टन! आवाजाच्या १२ वाहिन्या करायच्या, प्रत्येकीची पातळी सेकंदाला ५० वेळा मोजायची आणि तिला ० ते ५ यांपैकी एक आकडा द्यायचा. त्यात किल्लीचा, म्हणजे फक्त दोन्ही टोकांना ठाऊक असलेला, आकडा मिळवायचा. किल्ली ग्रामोफोनच्या तबकडीवर, दोन्ही टोकांना तीच तबकडी, एकाच ठेक्यात फिरवायची. तिथे अक्षरशः अंक आहेत आणि दोन नाहीत, सहा आहेत. 'अंकीय' तिथे फिट्ट बसतो.

बिनतारी :
तिथे बसेल. तळटीपचा लेख टेलिप्रिंटरवर आहे.

मोजपट्टी :
मग एकाच लेखात दोन शब्द वापरायचे? वाचक समजेल दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बिनतारी :
आहेतच की वेगळ्या!

अनुस्वार :
एक मूळ मुद्दा राहतोय. कोड आणि सायफर हे वेगळे. कोडमध्ये अख्ख्या शब्दाला किंवा वाक्याला ठरवून दिलेला दुसरा शब्द असतो, त्यासाठी वही लागते. सायफर अर्थ बघत नाही, अक्षराला अक्षर बदलतं. ही यंत्रं सायफरची. 'सांकेतिकीकरण' म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात. शिवाय गंमत म्हणजे सायफर हा शब्द अरबी 'सिफ्र'वरून आला, म्हणजे शून्य, आणि सिफ्र हे आपल्या 'शून्य'चंच भाषांतर. तेव्हा परका कशाला मानायचा? 'सायफर'च ठेवा.

कोशवाचक :
या न्यायानं 'झिरो'सुद्धा आपलाच. तोही सिफ्रवरूनच आला. उद्यापासून शून्य बंद करू या का?

तळटीप :
सायफरसाठी पाच खुणांचंच एखादं उदाहरण कुणी मराठीत समजावेल का? लेखात चौकट टाकायची आहे. मूळ लेखक तिथे फार घाईत आहे.

मोजपट्टी :
हे घे. चालू = १, बंद = ०. टेलिप्रिंटरच्या वर्णमालेत ए म्हणजे ११०००, बी म्हणजे १००११. मजकुराचं अक्षर ए, किल्लीच्या पट्टीवरचं बी. खुणा जोडीनं बघायच्या : सारख्या असतील तर ०, वेगळ्या असतील तर १. उत्तर ०१०११, म्हणजे जी. लाइनवर जी जातो. पलीकडे त्याच पट्टीवरचं बी पुन्हा मिसळलं की ११०००, परत ए. गुप्त करायला आणि उलगडायला क्रिया तीच. व्हर्नम नावाच्या अमेरिकी इंजिनिअरनं १९१७ मध्ये हे काढलं, तेही रिलेवर (विजेच्या चुंबकानं उघडमीट होणाऱ्या स्विचवर) चालणारं. म्हणून मी म्हणतो, याला 'लेखन' म्हणू नका. कुणी काही लिहीत नाही, मिसळतं. 'मिसळणी' म्हणा!

खडूस_वाचक :
मिसळणी. आणि उलट क्रियेला निवडणी.

अनुस्वार :
हसू नका, 'मिसळणे' हे क्रियापद म्हणून झकास आहे. पण किल्ली की कळ? मी 'कळ' म्हणेन. कळ दाबली की यंत्र चालतं.

बिनतारी :
कळ म्हणजे कीबोर्डची. टेलिप्रिंटरला कळफलक असतो, मग घोटाळा होणारच. शिवाय या यंत्रात ती 'घालावी' लागते, कुलपात घालतात तशी. केडब्ल्यू-२६ ला भोकं पाडलेलं एक कार्ड असायचं, रोज ग्रिनिच मध्यरात्री नवीन. कार्डाचा कप्पा उघडला की आतलं पातं त्या कार्डाचे दोन तुकडे करायचं, म्हणजे कालचं पुन्हा घालायची सोयच नाही. मी ते यंत्र हाताळलेलं नाही, पण असली किल्ली हाताळणाऱ्या माणसाला 'कळ' शब्द सुचणार नाही.

कोशवाचक :
रोज कापायचं म्हणजे जरा अतीच.

अनुस्वार :
अती नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मनांच्या लोरेन्झ यंत्रावरून अथेन्सहून व्हिएन्नाला चारेक हजार अक्षरांचा संदेश गेला. पलीकडून 'नीट मिळाला नाही' म्हटल्यावर पाठवणाऱ्यानं तोच संदेश त्याच मांडणीवर, म्हणजे त्याच किल्लीवर, पुन्हा टाइप केला, आणि कंटाळून काही शब्द आखूड केले. 'श्प्रुखनुमर'चं (संदेश क्रमांक) 'श्प्रुखएनआर'. दोन्ही ब्रिटिशांच्या हाती. दोन संदेश एकमेकांत मिसळले की वर मोजपट्टी म्हणतात त्या नियमानं किल्ली आपोआप गळून पडते. त्यांच्या टिल्टमन या सायफरतज्ज्ञानं मजकूर सोडवला, आणि मग टट्ट या त्याच्या सहकाऱ्यानं यंत्र एकदाही न बघता त्याची रचना ओळखली.

कोशवाचक :
मान्य. कापा.

मोरपीस :
उशिरा आले. 'मंदगती'वर कुणी बोललंच नाही. मला तो कासवाचं विशेषण वाटतो. 'संथ' कसा? 'संथ संदेशवहन'.

खडूस_वाचक :
संथ वाहते पाणी. डेटा धीमा असतो.

कोशवाचक :
धीमा हिंदी!

खडूस_वाचक :
'धीमेपणानं घ्या' असं आजी म्हणायची, तिला हिंदीचा ओ की ठो कळत नव्हता.

बिनतारी :
गतीला विशेषणच नको. '५० बॉडची लाइन' लिहा. आणि कृपा करून 'बॉड म्हणजे बिट प्रतिसेकंद' लिहू नका. दोनच अवस्था असतील तेव्हाच ते सारखे. मोजपट्टीच्या सहा पातळ्यांच्या यंत्रात एका स्पंदात अडीचाहून जास्त बिट येतात.

मोरपीस :
बॉड ज्याच्या नावावरून आलं तो बोदो हा फ्रेंच माणूस. मग 'बॉड' का, 'बोद' हवं ना?

तळटीप :
थांबा थांबा. लेखात पुढे अजून एक गाठ आहे. यंत्राच्या एका बाजूला 'लाल' म्हणतात, दुसऱ्या बाजूला 'काळी'. मी काळी म्हणजे गुप्त मजकुराची, धोक्याची समजून चाललो होतो. पुढचं वाचलं तर नेमकं उलट : लाल म्हणजे उघडा मजकूर, जपायचा तो. काळी म्हणजे सायफर झालेला, कुणी ऐकला तरी बिघडत नाही. दोन्हींच्या तारासुद्धा लांब ठेवतात, लालमधला विजेचा अंश काळीत झिरपू नये म्हणून. हे 'लाल-काळं' तसंच ठेवू ना?

मोजपट्टी :
तसंच ठेव. 'झिरपणे'सुद्धा ठेव, कोशातलं 'गळती' नको.

अनुस्वार :
आणि काही पाठवायचं नसतानाही केडब्ल्यू-२६ लाइनवर सायफरचा ओघ चालूच ठेवतं, ऐकणाऱ्याला संदेश कधी सुरू झाला तेच कळू नये म्हणून, हे लेखात असेल तर त्याला काय म्हणणार? मी 'पोकळ ओघ' म्हणेन.

कोशवाचक :
वर खलबत्त्याची थट्टा झाली त्याबद्दल राहून गेलं. 'खलबत' म्हणजे गुप्त मसलत. हा शब्द खलबत्त्यावरूनच आला असावा : बंद खोलीत बसून कुटायचं. तेव्हा कूट आणि गुप्तता यांचा संबंध जुना आहे.

अनुस्वार :
अजिबात नाही. खलबत अरबी 'खल्वत'वरून, म्हणजे एकांत. खलबत्ता हा खल अधिक बत्ता. दोघांचा काडीचा संबंध नाही.

कोशवाचक :
लोकांनी संबंध जोडला असेल तर तो आहे. मघाशी धीम्याला आजीचा दाखला चालला, मला नाही चालणार?

खडूस_वाचक :
मी कोशवाचकांच्या बाजूनं. आयुष्यात पहिल्यांदा.

मोरपीस :
मग 'परवलीचा शब्द' कुठून आला? मला तो इंग्रजी 'पॅरोल'चा वाटतो, पहारेकऱ्याला सांगायचा शब्द. आमचे एक सर पोर्तुगीज 'पालाव्रा'वर अडून बसायचे.

बिनतारी :
पालाव्रा म्हणजे नुसता 'शब्द'. मग 'परवलीचा शब्द' म्हणजे शब्दाचा शब्द झाला की. मला नाही पटत.

मोरपीस :
पावाला 'पावरोटी' म्हणतातच ना? तिथे पटतं?