मदत हवी आहे : राज्यकर्त्या राणीच्या पतीचे स्थान कशावर ठरत असे?

नमस्कार. इंग्लंडच्या राज्यकर्त्या राण्यांच्या विवाहांविषयी वाचताना एका प्रश्नापाशी अडलो आहे. १५५४ मध्ये पहिल्या मेरीने स्पेनचा युवराज फिलिप याच्याशी विवाह केला, तेव्हा त्याला राजा ही पदवी मिळाली खरी. परंतु परकीयांना इंग्लंडमध्ये पदे द्यायची नाहीत आणि मेरी निपुत्रिक वारल्यास गादीवर हक्क सांगायचा नाही, अशा अटींनी त्याचे हात आधीच बांधून टाकले होते. पुढे १६८९ मध्ये दुसऱ्या मेरीचा पती विल्यम तिच्या बरोबरीने राजा झाला आणि तिच्या निधनानंतरही राज्य करीत राहिला, उलट १७०२ मध्ये गादीवर आलेल्या ॲनचा पती, डेन्मार्कचा जॉर्ज, शेवटपर्यंत राजपुत्रच राहिला.

विल्यमला मिळाले ते जॉर्जला का मिळाले नाही? विल्यमचा स्वतःचा वारसाहक्क आणि त्याच्यासोबत आलेले सैन्य ही कारणे उघड आहेत, पण जॉर्जच्या स्वभावाचा आणि ॲनच्या इच्छेचा यात किती वाटा होता? या विषयावरील विश्वसनीय ग्रंथ, शक्यतो मराठीतील, आणि १५५४ च्या विवाहकराराची संपूर्ण संहिता कोठे वाचता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.