भांडवलशाहीचं अनेकवचन काय?

अमेरिका, जर्मनी, जपान आणि स्वीडन यांच्या अर्थव्यवस्थांची तुलना करणारा एक लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडली आहे. लेखकाचं म्हणणं, भांडवलशाही एक नाही, अनेक आहेत. 'भांडवलशाहीचे प्रकार' असं लिहिलं की हापूस, पायरी, केशर असे शेवटी सगळे आंबेच, असा सूर लागतो. लेखकाला नेमकं तेच मान्य नाही. 'भांडवलशाह्या' लिहावं तर कानाला खटकतं. चालेल का?

दुसरी अडचण. पीटर हॉल आणि डेव्हिड सॉस्किस या अभ्यासकांनी २००१ साली भांडवलशाही देशांची जी विभागणी रूढ केली, तिच्यातल्या दोन गटांना मी 'उदार बाजार अर्थव्यवस्था' (जिथे बहुतेक गोष्टी बाजारातली स्पर्धाच ठरवते : अमेरिका, ब्रिटन) आणि 'समन्वित बाजार अर्थव्यवस्था' (जिथे कंपन्या, बँका, युनियन आपसात बोलून ठरवतात : जर्मनी, जपान, स्वीडन) म्हटलंय. आणि जर्मन 'मिटबेश्टिमुंग'ला 'कामगारांचा सहभाग'. बरोबर वाटतंय का?

प्रतिसाद

चालेल काय, चालतच आलंय. बहमनी राज्य फुटून दख्खनेत पाच शाह्या झाल्या हे आपण शाळेत घोकलंय. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, बरीदशाही, इमादशाही. मूळ एक, पण कारभार आपापला. तुमच्या लेखकाला याहून नेमका शब्द मिळणार नाही. 'हुकूमशाह्या' तर पेपरात सर्रास छापतात, तेव्हा कुणाला खटकत नाही.

जाता जाता : हिंदीत 'पूंजीवाद', आपल्याकडे 'भांडवलशाही'. वाद डोक्यात असतो, शाही कचेरीत. या देशांमधला फरक विचारसरणीत शोधण्यापेक्षा खुर्चीवर कोण बसतं यात शोधावा, म्हणजे लवकर सापडतो. त्यामुळे या विषयाला आपला प्रत्यय जास्त चपखल आहे असं माझं मत. 'भांडवल' मात्र बदनाम झालंय. 'अपघाताचं भांडवल केलं' म्हणतो तेव्हा त्यात पैशाचा संबंधच नसतो.

प्रतिसाद

'उदार' काढा हो! मराठीत उदार म्हणजे सढळ हाताचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालक कारण न देता, नोटीसही न देता माणसाला घरी पाठवू शकतो, आणि आपण त्याला 'उदार बाजार' म्हणायचं? १९९१ पासून 'उदारीकरण' कानावर पडून आपला कान बोथट झालाय. 'मोकळा बाजार' म्हणा. 'समन्वित' ठीक आहे, जरा सरकारी परिपत्रकासारखा आहे इतकंच.

प्रतिसाद

मी नऊ वर्षं दक्षिण जर्मनीतल्या एका यंत्रांच्या कारखान्यात होतो, म्हणून तिसऱ्या शब्दाबद्दल बोलतो. 'सहभाग' फार पातळ होतं. सहभाग तर मी सोसायटीच्या गणेशोत्सवातही घेतो.

मूळ शब्दात 'ठरवणं' आहे. आमच्याकडे ऑर्डर तुंबली की मॅनेजरला वाटायचं, दोन शनिवार कामाला बोलवावं. पण नोटीस लावायच्या आधी त्याला बेट्रीब्सराटकडे, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे जावं लागायचं. जादा तासांना त्यांची संमती कायद्यानेच लागते. एकदा ते 'एकच शनिवार, तोही ज्याची इच्छा असेल त्याने' यावर अडून बसले. मॅनेजर तणतणला, पण फलकावर लागला तो एकच शनिवार. कुणाला काढायचं असेल तर आधी या मंडळाचं म्हणणं ऐकावं लागतं. ऐकलं नाही तर ती बडतर्फीच रद्दबातल. याला 'वर्क्स कमिटी' म्हणू नका. आपल्या वर्क्स कमिटीत मालकाचीही माणसं असतात, इथे फक्त कामगारांची. आणि ही युनियनही नव्हे. युनियन वेगळी, ती सबंध उद्योगासाठी पगाराची बोलणी करते.

हे झालं कारखान्याच्या पातळीवर. त्याच्या वर, १९७६ च्या कायद्याने २,००० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात, म्हणजे व्यवस्थापनावर नजर ठेवणाऱ्या मंडळात, निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना. निम्म्या म्हणजे बरोबरीच्या असं मात्र समजू नका. समसमान मतं पडली तर अध्यक्षाला दुसरं मत असतं आणि अध्यक्ष व्यवहारात भागधारकांच्या बाजूचाच असतो. कोळसा आणि पोलाद उद्योगात १९५१ पासून याहून कडक नियम आहे.

माझी सूचना : 'सहनिर्णय'.

प्रतिसाद

'सहनिर्णय'ला अनुमोदन. गंमत म्हणजे त्याच १९७६ साली आपल्याकडे बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ४३क आलं. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग! तिथे 'सहभाग' शोभतो, कारण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे कोर्टाची पायरी चढता येत नाही.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. 'भांडवलशाह्या' ठेवतेय, 'उदार' गेला, 'सहनिर्णय' आला. दादा, तुमचा शनिवार तळटीपेत घेतला तर चालेल ना?

आता पुढचा पेच. जर्मन लोक आपल्या व्यवस्थेला जे म्हणतात, अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड म्युलर-आर्माक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ केलेला शब्द, त्याचं मी 'सामाजिक बाजार अर्थव्यवस्था' केलं होतं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे महिला मंडळाचा बाजार का गं, पापड-लोणच्यांचा?" आधीच्या एका मसुद्यात कुणीतरी 'समाजवादी बाजार' लिहिलंय, ते तर भलतंच. बाजारभाव मोकळे ठेवायचे, मक्तेदारीला कायद्याने आवर घालायचा आणि आजारपण, म्हातारपण, बेकारी यांचा भार विम्याने वाटून घ्यायचा, एवढं सगळं त्या एका विशेषणात आहे.

प्रतिसाद

'समाजाभिमुख बाजारव्यवस्था' करून पाहा. आईंना विचारून कळवा.

मूळ धागाकर्ती

विचारलं. "आता पापड नाहीत, पण भाषण आहे," म्हणाली. तरी तेच ठेवते. उद्या जपानचा 'शुंतो' घेऊन येते. वसंतात सगळ्या युनियन एकदम पगारवाढ मागतात तो. 'वासंतिक लढा' म्हटलं तर दिवाळी अंकातली कविता वाटेल, हे आत्ताच सांगून ठेवते.