रात्रीचं एवढंच?

एकीने लिहिलंय, की पाहुणी आलेली तिची नणंद रात्रीच्या साध्या जेवणाच्या ताटाकडे बघून "रात्रीचं एवढंच?" म्हणाली. ते वाचलं आणि मला माझ्या आतेसासूबाई आठवल्या. त्या तर पातेल्याचं झाकण उचलून आत बघायच्या आणि काही न बोलता परत ठेवायच्या. टोमणा परवडला, पण ते झाकण ठेवणं नको!

पोषणाचं म्हणाल, तर धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्यातून मिळतं. म्हणजे एक धान्य, एक डाळ, एखादी भाजी, एवढ्यात बरंच साधतं. (वर लिंबू पिळलं तर आणखी छान, क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं.)

हे टोमणे मारणाऱ्या पाहुण्यांना ऐकवायला मात्र जाऊ नका. मी एकदा आतेसासूबाईंना ऐकवलं, तर "आता जेवतानाही शाळा का?" असं उत्तर मिळालं. शेवटी नवराच म्हणाला, "आत्या, उद्याचं तू कर, मी भाजी चिरून देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी जे रांधलं, ते आमच्या रोजच्यापेक्षाही साधं होतं. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं, मीसुद्धा.